शिथिल होणं हेही कामच : एका प्रतिक्रियेला उत्तर

रोपण केलेलं हृदय दोन ठोक्यांमध्ये नीट शिथिल होतं का, यावरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला खालच्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं ते) ६० टक्के असेल तर रोपण केलेलं हृदय ठणठणीतच, मग शिथिलतेची एवढी चर्चा कशाला? दोन, ‘सर्काचं जनुक मंदावतं म्हणून हृदय ताठरतं’ हे माझं वाक्य (सर्का म्हणजे हृदयपेशीतला कॅल्शियमचा पंप) पुराव्याच्या पुढे धावतं. पहिला मला पटत नाही. दुसरा पटला.

६० टक्क्यांवरून हृदय किती रिकामं होतं ते कळतं. भरताना किती दाब लागतो ते नाही. शिथिल म्हटलं की हातपाय सोडून बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, पण हृदयपेशीत तो फुरसतीचा वेळ नसतो. आकुंचनासाठी सुटलेलं कॅल्शियम दर ठोक्यानंतर साठ्यात परत ओढावं लागतं. ते ओढणारा मुख्य पंप म्हणजे सर्का. दोन कॅल्शियम आयनांमागे तो एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. त्यात रोपित हृदयाच्या नसा तुटलेल्या असल्याने स्वस्थ बसल्यावरही ठोके बहुधा ९० ते ११०. भरायला सवड आधीच कमी. पंप जरा ढिला पडला की दाब फुप्फुसांकडे मागे चढतो आणि जिना चढताना दम लागतो, इकोत आकुंचन झकास दिसत असलं तरी.

आता माझी चूक. जनुक मंदावलंय का, हे बायोप्सीच्या तुकड्यांतल्या आरएनएवरून, म्हणजे जनुकाच्या कामचलाऊ नकलांवरून, ठरवतात. बायोप्सीचा चिमटा मानेच्या शिरेतून आत जातो आणि उजव्या खालच्या कप्प्यातून जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे तुकडे घेतो. त्यात स्नायुपेशींबरोबर तंतुपेशी असतात, रक्तवाहिन्यांच्या पेशी असतात, रिजेक्शन (शरीराने रोपित हृदय नाकारणं) सुरू असेल तर लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीही. सगळ्यांचा आरएनए एकत्र मोजला की सर्काचा वाटा घटलेला दिसू शकतो, एकाही स्नायुपेशीने कामात कसूर केली नसताना! शिवाय फॉस्फोलॅम्बान हा सर्काचा ब्रेक. त्याला फॉस्फेट चिकटला की ब्रेक सुटतो, आरएनए होता तेवढाच राहतो. टायटिन या स्नायूतल्या स्प्रिंगसारख्या प्रथिनाची तर गंमतच: जनुक एक, पण आरएनएची काटछाट कशी होते त्यावर ताठ एन-टू-बी किंवा लवचीक एन-टू-बी-ए बनतं. बेरीज तीच, ताठरपणा वेगळा.

म्हणून ‘मंदावतं म्हणून’ काढून ‘कमी आढळल्यास संशयाला जागा’ असं केलंय. पण ‘मग जनुकं मोजूच नका’ हे काही मी ऐकणार नाही. पेशीनिहाय मोजा, प्रथिनंही मोजा, त्याच वेळी कॅथेटरने भरतानाचा दाब नोंदवा.

आणि तुम्ही मध्ये आणलेली ती ११ जनुकांची रक्ततपासणी? ती रक्तातल्या पांढऱ्या पेशींकडून रिजेक्शनची चाहूल घेते. स्नायू किती सैलावतो, हे तिला विचारून उपयोग नाही.