आयुष्य वाढलं, पण धडधाकट वर्षं किती?

सहस्रचंद्रदर्शन म्हणजे हजार पौर्णिमा, साधारण ८० वर्षं १० महिने. एके काळी हे अप्रूप होतं, आता ओळखीतल्या दोन-चार घरांत तरी सोहळा झालेला असतो. आनंदच आहे. पण आयुष्य मोजताना दुसरा आकडाही बघावा, आणि तो आपण बघत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २००० ते २०१९ या काळात जगाचं सरासरी आयुर्मान ६६.८ वरून ७३.४ वर गेलं. निरोगी आयुर्मान मात्र ५८.३ वरून ६३.७ वर आलं. वाढीव साडेसहा वर्षांतलं वर्षभर दुखण्याखुपण्यातच गेलं. करोनाने २०२१ पर्यंत दोन्ही आकडे खाली ओढले, ते वेगळंच.

भारताचे २०१९ चे आकडे ७०.८ आणि ६०.३. यावरून 'साठीपर्यंत ठणठणीत, मग दहा वर्षं अंथरुणावर' असं लोक समजतात. ते चूक आहे. निरोगी आयुर्मान काढताना प्रत्येक दुखण्याला त्याच्या तीव्रतेप्रमाणे वजन देतात आणि आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यातून तेवढा भाग वजा करतात. तिशीतली कंबरदुखी, चाळिशीतला मधुमेह, कमी ऐकू येणं, नैराश्य, सगळं त्यात धरलेलं असतं. ही दहा वर्षं म्हणजे आयुष्यभर चिमूट-चिमूट कापलं गेलेलं माप. म्हणून दोन आकड्यांतल्या नुसत्या तुटीवरून देश जोखू नयेत. जपानची तूटही दहा वर्षांचीच आहे, पण तिथलं निरोगी आयुर्मानच ७४ आहे.

मला सर्वांत जास्त खुपतो तो बायकांचा आकडा. भारतात पुरुषांचं आयुर्मान ६९.५, बायकांचं ७२.२. निरोगी वर्षं मात्र पुरुषांची ६०.३ आणि बायकांची ६०.४. जास्तीची पावणेतीन वर्षं जवळपास सगळी आजारपणात जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. 'थकवा येतोच गं' म्हणून जे सोडून दिलं जातं, ते अनेकदा हेच असू शकतं. हिमोग्लोबिनची तपासणी स्वस्त आहे. ती आईची, बायकोची, घरकामाला येणाऱ्या ताईंचीही करून घ्या.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला, आणि तो सहसा काहीच जाणवू देत नाही. घरी मशीन असतं, पण मोजायची पद्धत चुकते. स्टेशनवरून चालत आल्या-आल्या पट्टा बांधला तर आकडा जास्तच येणार. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंड हृदयाच्या उंचीवर, टेबलावर टेकलेला हवा. हात लोंबता राहिला किंवा जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा फुगतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं नीट मोजूनही घरी वारंवार १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

मिठाचा हिशोब तर पुडीवरूनच होतो. माणशी दिवसाला ५ ग्रॅम ही मर्यादा. चौघांच्या घरात २० ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी ५० दिवस पुरायला हवी. पापड, लोणचं, फरसाण, बाहेरचा वडापाव यातलं मीठ वेगळं आहे, म्हणून खरं तर त्याहूनही जास्त दिवस. महिन्यात पुडी संपत असेल तर कुठे जातंय ते शोधा.

आणि पाय! लिफ्ट नसलेली चार मजली इमारत आणि रेल्वेचा पूल, या दोन गोष्टी मुंबईत म्हातारपण ठरवतात. जिना चढवेनासा झाला की माणूस घरात अडकतो आणि मग स्नायू आणखी झडतात. घरच्यांची चाचणी घ्या. साधारण १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. चाकांची नको. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ पेक्षा कमी, बायकांना ११ पेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर आहेत आणि पडण्याचा धोका जास्त. हात न टेकता एकदाही उठता येत नसेल तर बसायला घट्ट उशी ठेवा, उंची वाढली की उठणं सोपं जातं. तशी आठ-दहा वेळा ऊठबस, आठवड्यातून तीन दिवस, कुणीतरी शेजारी उभं राहून. सहज जमायला लागलं की पातळ उशी घ्या, आणि मग तीही काढा.