लाल मेपलच्या पानांचा काढा पिऊ नका

‘मेपलचा अर्क म्हणजे अँटिऑक्सिडंटचा खजिना. लाल मेपलची वाळलेली पानं उकळून प्या, सुरकुत्या जातील. सिरप मधुमेह्यांनाही चालतं. सगळं नैसर्गिक, अपाय शून्य.’ अशा अर्थाचे मेसेज फिरत असतात. अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडीकरणाने होणारं पेशींचं नुकसान रोखणारे पदार्थ. अमेरिका-कॅनडात अंगणातच हे झाड असलेली मराठी घरं आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

सुरकुत्यांचा दावा हवेतून आलेला नाही. २०१८ मध्ये बॉस्टनला अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या नवींद्र सीराम यांच्या गटाने मांडलं, की लाल मेपलच्या पानांतली गॅलोटॅनिन्स (टॅनिन गटातली रसायनं) त्वचेतलं इलॅस्टिन, म्हणजे तिला लवचीक ठेवणारं प्रथिन, तोडणाऱ्या एन्झाइमला रोखतात. पण हे दिसलं परीक्षानळीत, आणि विचार होता तो त्वचेला लावण्याचा. काढ्याचा यात संबंधच नाही.

‘नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य’ हे मात्र सरळ खोटं आहे आणि मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. उत्तर अमेरिकेत घोडे पाळणारे लोक या झाडाला घाबरून असतात. त्याची कोमेजलेली किंवा वाळलेली पानं खाऊन घोडे दगावतात. पानांतल्या टॅनिनपासून गॅलिक आम्ल सुटतं, आतड्यातले जिवाणू त्याचं पायरोगॅलॉल करतात आणि ते हिमोग्लोबिनचंच ऑक्सिडीकरण करतं. मग रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, तांबड्या पेशी फुटतात, लघवी गडद तपकिरी होते. नळीत अँटिऑक्सिडंट ठरलेली रसायनं पोटात गेल्यावर अशी नेमकी उलटी वागतात! माणसाचं पोट घोड्यासारखं नाही, हे मान्य. पण ते तपासायला घरातल्या आजीला काढा पाजायचा का?

मेपल सिरपमध्ये पन्नासहून अधिक फिनॉलिक (वनस्पतींतली, बरीचशी अँटिऑक्सिडंट) आणि इतर संयुगं सापडली आहेत, हे खरं. त्यांतलं क्वेबेकॉल तर झाडाचा रस आटवून सिरप करतानाच तयार होतं. तरी सुमारे ४० लिटर रस आटवून उरलेल्या त्या एका लिटरात दोन तृतीयांश साखरच असते. मोठ्या चमच्यात साधारण १२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना जी साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते, तिच्यात सिरपही मोजलं जातं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातल्या लावाल विद्यापीठाच्या चाचणीत ४२ जणांना साखरेऐवजी सिरप दिल्यावर थोडा फायदा दिसला. ‘साखरेऐवजी’ हे मेसेजमध्ये गळतं, आणि ते लोक मधुमेही नव्हते हेही.

राहिला ‘जास्त अँटिऑक्सिडंट म्हणजे जास्त आरोग्य’ हा समज. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला. बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये मागे घेतला, कारण जाहिरातींत त्याचा गैरवापर होत होता.

कुणी हा काढा आधीच घेतला असेल आणि ओठ निळसर दिसत असतील, धाप लागत असेल किंवा लघवी गडद होत असेल, तर ताबडतोब रुग्णालयात न्या आणि कोणती पानं घेतली ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.