पेटीशेजारी आईची खाट हवी

नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला देणगी द्यायचा विचार असेल, तर यंदा एक मशीन कमी द्या आणि त्या पैशात बाळांच्या आयांसाठी खाटा घ्या, अशी माझी विनंती आहे. का, ते सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी होईल, पण सवडीने वाचा.

आपल्या सातारा-सांगलीत देणाऱ्यांची कमी नाही. साखर कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, गणपती मंडळं आहेत, दहावीच्या बॅचचे ग्रुप आहेत. कुणाची पुण्यतिथी, कुणाचा अमृतमहोत्सव असं निमित्त निघालं की सरकारी दवाखान्याला बाळाला ऊब देणारा वॉर्मर दिला जातो, मॉनिटर दिला जातो, काविळीच्या निळ्या उजेडाचं यंत्र दिलं जातं. हे सगळं लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच कक्षाच्या दाराबाहेर, जिन्याखाली सतरंजी टाकून एक ओली बाळंतीण बसलेली असते. टाके ओढत असतात, दूध दाटलेलं असतं, आणि आत कधी बोलावतील म्हणून ती दाराकडे बघत असते. तिच्यासाठी कुणी काही देत नाही. तिला काही द्यावं लागतं हेच आपल्या डोक्यात येत नाही, कारण आपल्या लेखी उपचार आत चाललेत आणि ती बाहेर वाट बघतेय.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत एक मोठा अभ्यास केला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपला भारत. आपल्याकडचं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतली ३,२११ बाळं त्यात घेतली होती. निम्म्या बाळांना नेहमीची रीत, म्हणजे आधी वॉर्मरवर ठेवायचं आणि प्रकृती स्थिर झाली की मग आईच्या उघड्या छातीशी द्यायचं. उरलेल्या निम्म्यांना स्थिर व्हायची वाट न बघता, जन्मल्यापासूनच छातीशी. २०२१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या रीतीने सांभाळलेल्या बाळांतली शेकडा १५.७ दगावली, जन्मापासून छातीशी ठेवलेल्यांतली शेकडा १२. म्हणजे मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. फरक इतका उघड होता की अभ्यास ठरल्या मुदतीआधीच थांबवला. फायदा समोर दिसत असताना अर्ध्या बाळांना त्यापासून लांब ठेवणं योग्य नव्हतं.

डॉक्टर लोक याला कांगारू मदर केअर म्हणतात. सुरुवात १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात झाली. तिथल्या सरकारी प्रसूतिगृहात बाळं ऊबदार ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. अडचणीतून निघालेला तो मार्ग पुढे पेट्या भरपूर असलेल्या देशांनीही घेतला. कारणं समजायला सोपी आहेत. कमी वजनाच्या बाळाच्या कातडीखाली चरबी नसते, सगळी ताकद अंग ऊबदार ठेवण्यात जाते. आईच्या अंगाची ऊब मिळाली की ती ताकद वाढीला लागते. दवाखान्यातल्या जंतूंऐवजी आईच्या अंगावरचे ओळखीचे जंतू बाळाच्या अंगावर येतात. आणि बाळ छातीशी असलं की आईला दूध येतं.

बातम्यांत आकडे छापून आले, पण त्या अभ्यासातली माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट मागे पडली. छातीशी ठेवलेल्या गटातली बाळं अतिदक्षता कक्षात असताना दिवसाचे साधारण १७ तास कुणाच्या तरी अंगाशी होती. दुसऱ्या गटातली जेमतेम दीड तास. हे १७ तास आले कुठून? त्यांनी कक्षाच्या आतच आयांच्या खाटा टाकल्या. बाळाचे डॉक्टर आणि आईचे डॉक्टर, दोघेही तिथेच येऊन तपासायचे. आईला उठवत नसेल तर तिने निवडलेलं घरचं माणूस बाळाला छातीशी घ्यायचं. खाट होती म्हणून १७ तास झाले. खुर्ची असती तर झाले नसते.

आता आपल्याकडचं सांगते. माझ्या भावजयीचं बाळ आठव्या महिन्याच्या सुरुवातीला झालं. सिझर करावं लागलं, बाळ दीड किलोच्या आत. भावाचा फोन आला, "ताई, बाळ काचेत ठेवलंय." एवढंच बोलला. बाळ एका इमारतीत आणि आई दुसऱ्या इमारतीत, मधे जिना आणि रॅम्प. सिझर झालेल्या बाईने दर दोन-तीन तासांनी तिथपर्यंत चालत जायचं, दूध काढून द्यायचं आणि परत यायचं. ती जायची. भिंतीला धरून जायची. दूध काढायला आडोसा नव्हता, मी ओढणी धरून उभी राहायचे. आत गेल्यावर सिस्टर नळीने बाळाला ते दूध द्यायच्या, आणि ही लांबून बघायची.

सिस्टरांबद्दल तक्रार नाही, हे मुद्दाम लिहिते. एकेका सिस्टरच्या अंगावर किती बाळं होती ते मी डोळ्यांनी बघितलंय. उलट त्यांच्यातल्याच एका सिस्टरने रात्रपाळीला प्लॅस्टिकची खुर्ची ओढून भावजयीला बसवलं, गाऊनची बटणं सोडायला लावली आणि टोपी-मोजे घातलेलं ते एवढंसं बाळ तिच्या छातीवर उभं ठेवलं, पाय दुमडून, मान एका बाजूला वळवून, वरून सुती कापडाने बांधून. बाळाच्या मॉनिटरवरचे आकडे स्थिरावलेले आम्ही दाराच्या काचेतून बघितले. भावजय कितीतरी दिवसांनी रडली. पण त्या खुर्चीवर टाके घेऊन बसून बसून किती बसणार? तासा-दीड तासात पाठ भरून यायची. मग सिस्टरांनी भावालाही शर्ट काढून बसायला सांगितलं. तो आधी इकडेतिकडे बघायला लागला. सिस्टर म्हणाल्या, "अहो दादा, लाजताय काय, बाप हाय न्हवं तुम्ही?" बाप बसला. नंतर त्याला उठवावं लागायचं.

भाऊ एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे, खाडा झाला की पगार कापला. थोरली पोरगी पहिलीत, घरी दोन म्हशी, आईचे गुडघे गेलेले. गावाकडून एसटीने डबा यायचा, तो गार झालेला डबा दुपारी हिच्यापर्यंत पोचायचा. भावजयीच्या माहेरचे आलटून पालटून आले, मी शाळा सुटल्यावर जायचे, म्हणून आमचं निभलं. ज्यांना माणूसबळ नाही त्यांचं काय होतं, तेही तिथेच पाहिलं. शेजारची एक बाई ऊसतोडीला आलेली, मूळ बीडकडची. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली. बाई दवाखान्यात बसली म्हणजे अर्धा कोयता थांबला आणि मुकादमाचे पैसे अंगावर. ती बाळाला वेळेआधी घेऊन जायला निघाली होती. डॉक्टर रागावले. ते बाळाच्या काळजीने रागावले, खरं आहे. पण तिने थांबावं कशाच्या जोरावर?

सरकारी योजना नाहीत असं नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, आजारी नवजाताचे उपचार फुकट, गाडी फुकट. त्यात आईच्या मोफत जेवणाची मूळ तरतूद बघा: साध्या बाळंतपणाला ३ दिवस, सिझरला ७ दिवस. पुऱ्या दिवसांच्या बाळासाठी हा हिशेब बरोबर आहे. पण दीड किलोचं बाळ एका आठवड्यात घरी जात नाही. मग त्यापुढे ती आई कुणाच्या डब्यावर जगते? बाळाच्या पोटात जे दूध जातंय, ते हिच्या पोटातून येतंय ना? २०१७ साली केंद्राने आई-बापाला बाळाच्या काळजीत सामील करून घ्यायच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. हात कसे धुवायचे, दूध कसं पाजायचं, धोक्याची लक्षणं कोणती, सगळं शिकवायचं. सूचना उत्तम आहेत. पण शिकवायला आई तिथे असावी लागते, आणि असायला तिला झोपायला जागा आणि दोन वेळचं ताट लागतं. त्याच २०१७ साली नोकरदार बायकांची बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, तीही ऊसतोडीच्या बाईपर्यंत, शेतमजूर बाईपर्यंत पोचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये कमी दिवसांच्या बाळांसाठी नव्या शिफारशी काढल्या. जन्मल्याबरोबर कांगारू काळजी सुरू करा, हे त्यात आहेच. दवाखान्यात घरच्यांना काळजीत सामील करा, त्यांना धीर आणि माहिती द्या, घरी भेटी द्या, आई-बापाच्या रजेची सोय करा, हेही त्यातच आहे. म्हणजे नळीतलं दूध, श्वासाचं यंत्र आणि आई-बापाची रजा एकाच यादीत. २०२० मध्ये जगात अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली, त्यातली ३० लाखांवर एकट्या भारतात, जगात सगळ्यात जास्त. ही यादी आपल्याइतकी कुणालाच लागू नाही.

"नातेवाईक आत आले की इन्फेक्शन वाढतं" हे उत्तर मला ठाऊक आहे. भीती खोटी नाही. दहा माणसं चपला घालून आत शिरली तर वाढेलच. पण त्या पाच देशांच्या अभ्यासात ज्या बाळांजवळ आई किंवा एक ठरलेलं माणूस रात्रंदिवस होतं, त्यांच्यात जंतुसंसर्गाची शंका आलेली बाळं कमीच निघाली. आईला पाहुण्यांत मोजायचं थांबवलं की हा प्रश्न बराचसा सुटतो.

घरी आल्यावरची लढाई वेगळी. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला कोपऱ्यात ठेवतात, शेक-शेगडी करतात, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून वेगळं निजवतात. माझ्या आईचंही म्हणणं होतं, "उघड्या अंगाला लावून लेकरू गारठंल." तिच्या माहितीप्रमाणे ती काळजीच करत होती. गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई आल्या, त्यांनी आईचाच हात धरून बाळाच्या पायाला लावला, छातीशी घेण्याआधी आणि घेतल्यानंतर. पाय ऊबदार लागले. त्यानंतर शेगडी आईनेच लांब सरकवली, आणि भावजय दमली की माझी आई स्वतः चोळीची गाठ सोडून बाळाला घेऊन बसायला लागली. आजीला गप्प बसवण्यापेक्षा कामाला लावलेलं केव्हाही बरं. हरियाणात ८,४०० बाळांवर झालेला अभ्यास २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तिथे घरीच कांगारू काळजी सुरू करून दिली आणि बाळांचे महिन्याभरातले मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. आणि घरी जाऊन काळजी शिकवण्याचा हा धडा तर मुळात आपल्या महाराष्ट्राचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर पाठवलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, ते त्या कामाचं फळ.

साताऱ्याच्या माणसाला हे पटायला अवघड जाऊ नये. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. गरिबाच्या पोराला राहायला-जेवायला मिळालं तरच शाळा त्याच्या उपयोगाची, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या ताटात अन्न पडावं म्हणून अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. दीड किलोच्या बाळाच्या आईला आज त्याच दोन गोष्टी हव्या आहेत: राहायला जागा आणि जेवण.

म्हणून मंडळांच्या बैठका सुरू होतील तेव्हा एवढं करा. जवळच्या नवजात कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरांना जाऊन विचारा: आयांना पाठ टेकायला काय आहे? दूध काढायला आडोसा आहे का? रात्री बाथरूम किती लांब आहे? सात दिवसांनंतर जेवण कोण देतं? मागे रेलता येणाऱ्या खुर्च्या, खाटा, पडदे, गरम पाण्याची सोय, पुढून उघडणारे गाऊन, बाळं बांधायची सुती कापडं, ही सगळी मिळूनही एका मोठ्या यंत्राच्या किमतीत बसतात. कारखान्यांना वेगळी विनंती. गाळप सुरू व्हायच्या आधी मुकादमांशी बोलून ठरवा, की टोळीतल्या बाईचं बाळ दवाखान्यात असेल तर तिच्या आणि नवऱ्याच्या खाड्याचे पैसे उचलीत धरले जाणार नाहीत, ते कारखाना भरेल. एका हंगामात अशी किती कुटुंबं असतील? कारखान्याच्या ताळेबंदात ती रक्कम शोधूनही सापडायची नाही.

आम्ही मैत्रिणींनी बचत गटातर्फे कक्षातल्या आयांना दोन वेळचं गरम जेवण द्यायचं ठरवलंय: भाकरी, भाजी, वरण-भात, आणि अळिवाची खीर. डॉक्टरांची परवानगी मिळाली आहे. दुपारचं आम्ही पोचवू. रात्रीच्या डब्यासाठी दवाखान्याच्या जवळपास राहणारी, दुचाकी असलेली चार-पाच घरं हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी वार सांगून मेसेज करा.