राऊटरची वीट कशी पाडावी

घरातला राऊटर धड चालू आहे, आईची मालिका न अडकता लागतेय, बाबांचं बँकेचं काम होतंय, आणि तुमचे हात मात्र शिवशिवतायत? मग नवीन फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकायलाच हवं. आमच्या सोसायटीतल्या एका होतकरू मुलाने शनिवारी रात्री हे शुभकार्य केलं, राऊटरची वीट झाली, म्हणजे तो पार निकामी झाला, आणि माझा रविवार त्यात गेला. त्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या फर्मवेअरऐवजी टाकायचं, लिनक्सवर चालणारं फुकट फर्मवेअर) दोन वर्षांपूर्वी मीच बसवून दिलं होतं, हे पापही माझंच. असो. ही घ्या रीत.

मुहूर्त शक्यतो गुरुवारचा धरा. लाईट वेळेवर जाईल.

बॅकअप घेऊ नका. पीपीपीओईचा (म्हणजे नेट जोडायचा) पासवर्ड आणि केबलवाल्याच्या लाईनचा व्हीलॅनचा नंबर कागदावर लिहून ठेवणं तर अगदीच मागास. केबलवाला आहे की! तो 'माणूस पाठवतो' म्हणेल आणि खरंच पाठवेल, असा विश्वास ठेवा.

आता मुख्य गोष्ट. राऊटरच्या पोटाला एक स्टिकर असतं, त्यावर मॉडेलच्या नावापुढे बारीक अक्षरात 'व्ही' (म्हणजे व्हर्जन) आणि एक आकडा. तिकडे ढुंकूनही बघू नका. नाव जुळलं ना, बास! ज्याच्यावरून ओपनडब्ल्यूआरटीला नाव मिळालं, तो लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जीच घ्या. व्ही ४ मध्ये ४ एमबी फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची जागा, आणि १६ एमबी रॅम. व्ही ५ मध्ये दोन्ही निम्म्यावर, आणि आतलं लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही दुसरीच ऑपरेटिंग सिस्टीम घातलेली. बाहेरून डबा तोच, निळा-काळा रंग तोच, दोन अँटेना त्याच. ही २००५ च्या आसपासची गोष्ट. म्हणजे वीस वर्षं झाली हा घोळ जगजाहीर होऊन, आणि आमचा होतकरू व्हिडिओत बघून भलत्याच 'व्ही'ची फाईल उतरवतो! बरं, राऊटर बिचारा सांगतोय की ही फाईल माझी नाही. अपलोड केल्यावर स्क्रीनवर तसं लिहून येतं. खाली 'फोर्स'ची चौकट असते, ती आपणहून टिक करावी लागते. याने केली! का? तर "दादा, त्याशिवाय पुढे जातच नव्हतं." अरे, पुढे जाऊ नये म्हणूनच थांबवलं होतं ना तुला!

असो. सल्ला चालू ठेवू.

सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले की रीसेटच्या भोकात टाचणी खुपसा. परत खुपसा.

टीएफटीपीने, म्हणजे लॅनच्या वायरवरून, फाईल ढकलायचे माझे अकरा प्रयत्न वाया गेले. मग डबा उघडला. स्क्रू नाहीत, नुसत्या खाचा, त्यातली एक कटकन मोडली. माझ्या यूएसबी केबलच्या ग्राउंड, टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची) अशा तीन तारा आतल्या बोर्डावर टोचून धरल्या, ११५२०० चा वेग लावला, तेव्हा कुठे स्क्रीनवर अक्षरं सरकायला लागली. काकूंनी मध्येच पोहे दिले. एका हातात तारा, दुसऱ्या हातात चमचा. (पोहे उत्तम होते, त्यांच्यावर राग नाही.)

राऊटर जिवंत झाला की वायफाय शोधत बसा. नव्याने बसवलेल्या ओपनडब्ल्यूआरटीत ते बहुधा बंदच असतं, आधी लॅनची वायर लावावी लागते. लॅपटॉप असा घ्या, ज्याला लॅनचं भोकच नाही.

शिवाय भिंतीवरच्या फायबरच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि तुमच्या राऊटरचाही १९२.१६८.१.१. एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर, मग पोस्टमनने करायचं काय? नेट नाही म्हणून परत रीसेट करा.

बास झालं. आता सरळ सांगतो, तुलाच सांगतो. राऊटर उलटा करायला दोन सेकंद लागतात. स्टिकरचा फोटो काढ. फाईलचा शा२५६ (फाईल तीच आणि धड उतरलीय का, हे सांगणारा ठसा) जुळव. बॅकअपचं बटण तिथेच आहे, ते दाब. पाच मिनिटांचंही काम नाही! ते न करता तू माझे सात तास खाल्लेस, तुझ्या बाबांना मोबाईलचं नेट जोडून बसवलंस, आणि वर विचारतोस, "दादा, पण स्पीड वाढला का?" नाही वाढला. पन्नासचा प्लॅन आहे, पन्नासच येणार.

आणि माझी यूएसबीची केबल परत आणून दे. तिची पिवळी तार तुझ्याच टेबलाखाली पडलीय.