‘आता कुठे राहिलाय बायकांवर अन्याय?’ या फॉरवर्डला उत्तर

तो मेसेज परत फिरायला लागलाय. सार असं की कायदे समान झाले, बायकांना कुणी अडवत नाही, उलट बायकाच बायकांच्या शत्रू असतात, आणि त्रास तर पुरुषांनाही होतो, मग दडपशाही कसली? बरं, एकेक घेऊ.

कायदे समान झाले. बऱ्याच ठिकाणी झाले, पण कधी ते बघा की. फ्रान्समध्ये 1965 पर्यंत लग्न झालेल्या बाईला नोकरी करायलासुद्धा नवरा हरकत घेऊ शकायचा. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताचा हक्क 1971 ला मिळाला, तोही पुरुषांनी मतदान करून दिला, आणि 1959 ला त्यांनीच तो नाकारला होता. हे भोगलेल्या कितीतरी जणी अजून हयात आहेत.

कुणी अडवत नाही. खरी मेख इथेच आहे, अडवायची गरजच पडत नाही! मूल आजारी पडलं की शाळेतून फोन आईला जातो, रजा तीच टाकते कारण तिचा पगार कमी, आणि पगार कमी का तर ती सारखी रजेवर असते म्हणून प्रमोशन दुसऱ्याला दिलं. यात कुणीच व्हिलन नाही, ज्याचं त्याचं म्हणणं व्यवहाराला धरूनच आहे, आणि शेवटी ती नोकरी सोडते तेव्हा सगळे म्हणतात तिचाच निर्णय हो. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) 2018 च्या अहवालात घरच्यांना सांभाळण्यापायी नोकरीधंद्याबाहेर असलेल्या बायका 60 कोटी 60 लाख आणि पुरुष 4 कोटी 10 लाख आहेत. सगळ्यांची आवड एकच निघाली, कमाल आहे.

आणि हे दिसत नाही कारण काम वेळेवर होतंय तोवर ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही. आइसलंडमध्ये 24 ऑक्टोबर 1975 ला जवळपास 90 टक्के बायकांनी नोकरी, घरकाम सगळं एक दिवस बंद ठेवलं, तर बाप लोक पोरं घेऊन ऑफिसात हजर! पुढच्याच वर्षी समानतेचा कायदा आला.

बायकाच शत्रू म्हणे. जिचं आयुष्यभर कुठे काही चाललं नाही तिचं म्हातारपणी चालतं ते फक्त घरातल्या तरुण बाईवर, मग ती तेवढंच चालवते. नियम तिने केलेले नाहीत, तिच्याकडे फक्त पहारा दिलाय, आणि रोज तोंड पहारेकऱ्याचंच दिसतं.

पुरुषांनाही त्रास होतो. होतो ना, नाही कोण म्हणतंय? पण पोराला दवाखान्यात न्यायला बाप लवकर निघाला तर ऑफिसात कौतुक होतं, आई निघाली तर रजा मोजल्या जातात, याचं काय ते मेसेजवाल्यांनी सांगावं.