पंखा सरळ रेषेत फिरत नसतो

नाशिकमध्ये ॲनिमेशन शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘सर, हे खरंय का?’ असं विचारत. मजकूर थोडक्यात असा: वेगाने फिरणाऱ्या वस्तूला रेंडरमध्येच (संगणक दृश्याचं चित्र काढतो तेव्हाच) मोशन ब्लर, म्हणजे वेगामुळे येणारा पुसटपणा, लावणं हा वेडेपणा आहे, कारण एकेक फ्रेम सोळा-सोळा वेळा रेंडर होते. त्यापेक्षा नंतर कंपोझिटिंगमध्ये, म्हणजे तयार चित्रांची जुळणी करताना, व्हेक्टर पासवरून (कुठला पिक्सेल किती सरकला याच्या नोंदीवरून) ब्लर लावा, कुणाला फरक कळत नाही. रेंडरमध्ये लावलाच आणि आकार बिघडला, तर सॅम्पल, म्हणजे पिक्सेलमागचे किरण, वाढवा. आणि ब्लर आला की चाक उलटं फिरल्यासारखं दिसणं आपोआप थांबतं. सोबत पुरावा म्हणून छताच्या पंख्याची क्लिप.

लिहिणाऱ्याची कळकळ समजते. घरच्या एकुलत्या ग्राफिक्स कार्डावर रात्रभर रेंडर लावून, वीज जाऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवणाऱ्याला वेळ वाचवायचाच असतो. मीही त्यातूनच गेलोय. पण सल्ला चुकीचा आहे तो आहेच.

सोळा वेळांचं आधी उरकतो. पूर्ण फ्रेम पुन्हा पुन्हा रेंडर करून एकावर एक रचायची पद्धत जुनी आहे आणि ती खरंच महाग पडते. शिवाय पात्याच्या सोळा सुट्या प्रती पायऱ्यांसारख्या दिसतात ते वेगळंच. पण १९८४ साली कुक, पोर्टर आणि कार्पेंटर या संशोधकांनी दुसरी वाट दाखवली. पिक्सेलचा रंग काढायला जे किरण तसेही सोडायचेच आहेत, त्यातल्या प्रत्येकाला कॅमेऱ्याचं शटर उघडं असतानाचा वेगवेगळा क्षण वाटून द्यायचा. आजचे किरणांवर चालणारे रेंडरर हेच करतात. ब्लरमुळे थोडी खरखर वाढते, वेळही थोडा वाढतो, पण सोळापट नाही.

आता व्हेक्टर पास. इथे थांबायला हवं, कारण मेसेजमधली क्लिपच त्याच्या विरोधात साक्ष देते.

व्हेक्टर पासमध्ये प्रत्येक पिक्सेलजवळ एकच बाण असतो: इकडे, इतका सरकला. बाण सरळ असतो. पंखा मिनिटाला ३६० फेरे घेतो असं धरू, म्हणजे सेकंदाला ६. सेकंदाला २४ फ्रेम आणि शटर अर्धी फ्रेम उघडं, म्हणजे १/४८ सेकंद. तेवढ्यात पातं ४५ अंश वळतं. हा ४५ अंशांचा कंस सरळ बाणाने काढायला गेलात तर दोनच गोष्टी होतात. बाण जीवेवरून गेला तर मधोमध पात्याचं टोक त्रिज्येच्या साडेसात टक्के आत ओढलं जातं. स्पर्शिकेवरून गेला तर तितकंच बाहेर उडतं. पडद्यावर पातं ३०० पिक्सेल लांब असेल तर ही चूक २३ पिक्सेलची आहे. मेसेजमधली क्लिप थांबवून बघा, पंख्याचा घेर गोल नाही, करवतीसारखा दिसतो.

त्याहून मोठी गंमत भिंतीवर आहे. क्लिपमध्ये पात्यांची सावली भिंतीवर धारदार, कोरल्यासारखी पडलीय. असं का? सावलीचे पिक्सेल भिंतीचे, आणि भिंत हलत नाही, म्हणून त्यांचा बाण शून्य. पंखा पुसट आणि त्याची सावली स्वच्छ, असं कुणाच्या घरात दिसतं? प्रतिबिंबांचंही तेच. शिवाय पात्यामागे लपलेलं छत मूळ चित्रात नसतंच, ते ब्लर लावणाऱ्या प्लगइनला अंदाजाने भरावं लागतं. सरळ धावणाऱ्या एसटीला व्हेक्टर ब्लर खुशाल लावा, मी स्वतः लावतो. (तिची चाकं मात्र वेगळी ठेवा.)

‘सॅम्पल वाढवा’ हा सल्ला तर रोग एक आणि औषध भलतंच. सॅम्पलने खरखर कमी होते, तीही सावकाश: चौपट सॅम्पल तेव्हा निम्मी खरखर. आकार बिघडतो तो वाट चुकल्यामुळे. फिरणं मेशमध्ये (वस्तूच्या बिंदूंच्या जाळीत) बेक करून कॅश आणली असेल, म्हणजे दर फ्रेमला बिंदूंच्या जागा फाइलमध्ये गोठवून ठेवल्या असतील, तर रेंडररला प्रत्येक बिंदूची सुरुवातीची आणि शेवटची जागा तेवढी कळते. मधली वाट तो सरळ रेषेने जोडतो. म्हणजे पुन्हा जीवा. हजार सॅम्पल मारलेत तर चुकीचं पातं अगदी स्वच्छ दिसेल, इतकंच.

वाढवायच्या असतात त्या मधल्या पायऱ्या, म्हणजे शटर उघडं असताना वस्तूची जागा जितक्या वेळा नोंदवायची त्या नोंदी. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये त्यांना स्टेप्स म्हणतात, अर्नोल्डमध्ये कीज. वरच्याच पंख्याचा हिशोब: सरळ एक तुकडा असताना चूक २३ पिक्सेल, दोन तुकडे केले की ६, चार केले की दीड, आठ केले की अर्ध्या पिक्सेलच्याही आत. त्यापुढे वाढवून फायदा नाही. मात्र बेक केलेल्या मेशमध्ये प्रत्येक पायरीला सगळ्या बिंदूंच्या जागा पुन्हा मेमरीत ठेवाव्या लागतात. म्हणून खरी काटकसर वेगळीच आहे. पंखा बेक करूच नका. फिरणं ऑब्जेक्टच्या रोटेशनवर ठेवा, म्हणजे पायरीमागे मेशच्या जागी एक मॅट्रिक्स (अख्खी वस्तू कुठे आहे, किती वळलीय हे सांगणारे मोजके आकडे) पुरतं. एक सावधगिरी बाळगा: दोन पायऱ्यांमध्ये वस्तू १८० अंशांपेक्षा जास्त वळत असेल तर अनेक रेंडरर जवळचा रस्ता धरतात आणि ब्लर उलट्या बाजूने काढतात. पूर्ण फेरा झाला तर ब्लर गायबच.

आणि ओट्यावरचा मिक्सर? मिनिटाला १८,००० फेरे धरले तर त्याच १/४८ सेकंदात सव्वासहा फेरे होऊन जातात. तिथे पाती रेंडर करायचीच कशाला? अर्धपारदर्शक चकती ठेवा. कुठल्याही त्रिज्येवर ती किती भरीव असावी हे साध्या भागाकाराने निघतं: सगळ्या पात्यांची मिळून रुंदी भागिले त्या जागचा परीघ. पंख्याला मात्र ही युक्ती लावू नका. तीन पात्यांमधलं अंतर १२० अंश आणि सरकणं ४५, मधली फट दिसायलाच हवी.

राहिला उलट्या फिरण्याचा मुद्दा. हा माझ्या जिव्हारी लागलेला, कारण यात मी स्वतः पडलोय. येवल्याच्या एका गिऱ्हाईकासाठी संक्रांतीची छोटी जाहिरात करत होतो. गच्ची, पतंग, आणि पोराच्या हातात सहा पात्यांची आसारी, म्हणजे मांजाची फिरकी. ढील देताना ती गरगर फिरते, सेकंदाला अडीच फेरे ठेवले होते. ब्लर व्यवस्थित, कंसातला, पायऱ्या मोजून घेतलेला. पण अडीच फेरे म्हणजे फ्रेममागे साडेसदतीस अंश, आणि सहा पात्यांमधलं अंतर ६०. डोळ्याला एक पातं साडेसदतीस अंश पुढे गेलेलं दिसत नाही, त्याच्या पुढचं पातं साडेबावीस अंश मागे आलेलं दिसतं. अर्धा वेळ शटर बंद असतं, तेव्हा काय घडलं हे ब्लर सांगू शकत नाही. सहा पात्यांना फ्रेममागे ३० अंश, म्हणजे सेकंदाला दोन फेरे, ही मर्यादा. ती ओलांडली की घोटाळा सुरू.

गिऱ्हाईकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फोनवर एकदाच क्लिप पाहिली आणि म्हणाले, ‘साहेब, पतंग वर चाललाय अन् तुमचा पोरगा मांजा गुंडाळतोय की!’ मी वेग दीड फेऱ्यांवर आणला आणि रात्री पुन्हा रेंडर लावला.