मोठी गाडी विकली म्हणून माझे सांत्वन करू नका

आज सकाळी इथे ॲडलेडमध्येच एका स्नेह्यांकडे सत्यनारायणाच्या पूजेला गेलो होतो. प्रसाद घेऊन निघताना एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून विचारले, "मोठी गाडी विकलीत असे ऐकले. सगळे ठीक आहे ना? नोकरीबिकरी?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते हे मला कळते. तरीही घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि आता तीन तासांनंतरही राग शमलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

गाडी मी पैसे संपले म्हणून बदललेली नाही. जुलै २०२२ मधल्या एका रात्रीमुळे बदलली.

बाबा तेव्हा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षे काढलेला माणूस, त्यांना देवळे आणि मॉल दाखवून काय उपयोग? त्यांना रस्ता पाहायचा होता. म्हणून ॲडलेडहून पश्चिमेला, नलारबॉरच्या ओसाड पठाराकडे निघालो. तिथे हेड ऑफ बाइट या किनाऱ्यावर हिवाळ्यात देवमाशा पिल्लांना जन्म द्यायला येतात आणि कड्यावरून त्या अगदी खाली पाण्यात दिसतात. आमच्या मोठ्या डिझेल गाडीमागे सव्वादोन टनांची कॅरॅव्हन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, होती. सेदुना गाव सोडले, पुढचे पेनाँग हे खेडे मागे टाकले आणि त्यापुढे चाळीसेक किलोमीटरवर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. पाच मिनिटांत गाडीचा जोर गेला. इंजिन सुरू होते, पण ताशी तीसच्या वर काही केल्या जाईना. मग तेही बंद पडले. फोनला रेंज नव्हती. सहा वाजून गेल्यावर अंधार पडला आणि वारा असा सुटला की कॅरॅव्हन उभ्या जागी हलू लागली.

बाबांनी बॉनेट उघडायला लावले, टॉर्च आत मारला, बराच वेळ पाहिले आणि हळूच मिटून घेतले. "यात हात घालायला जागाच ठेवलेली नाही," एवढेच म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "अरे, आमची एस.टी. बंद पडली तर मागून दुसरी येते. इथे मागून कोण येणार?"

मागून कोणी आले नाही, समोरून आले. पर्थहून परतणारे एक सत्तरीचे जोडपे, बारा वर्षांची सुबारू फॉरेस्टर आणि तिच्यामागे कमरेइतक्या उंचीचा, मुक्कामाला उघडून झोपायचा घडीचा कँपर. त्यांनी स्टोव्ह काढून बाबांना चहा करून दिला, गुडघ्यांवर त्यांचे स्वतःचे पांघरूण घातले आणि पेनाँगला जाऊन टो ट्रकला फोन केला. ट्रक निघाला आहे हे सांगायला ती दोघे पुन्हा चाळीस किलोमीटर उलटे आली. रात्री, त्या कांगारूंच्या रस्त्यावर, अनोळखी माणसांसाठी एवढा हेलपाटा! मी त्यांच्या त्या लहानशा गाडीकडे पाहत राहिलो. तीन लाख किलोमीटर झाले होते तिचे.

आता मूळ दुखण्याबद्दल. आजच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळून तो साफ व्हायचा तर गाडी बराच वेळ सलग, चांगल्या वेगात चालावी लागते. आमची गाडी वर्षातले अकरा महिने शाळा, ऑफिस आणि भाजीबाजार एवढेच करत होती. फिल्टर साफ होण्याआधीच इंजिन बंद व्हायचे आणि काजळी साठत जायची. दोन वर्षांत चार वेळा ती वर्कशॉपमध्ये गेली होती. चौथ्या वेळी काउंटरवरच्या माणसाने मला ऐकवले की, "तुम्ही गाडी पुरेशी चालवत नाही." विकताना हे का नाही सांगितले? सहलीची स्वप्ने दाखवून गाडी शहरातल्या माणसाच्या गळ्यात मारायची आणि बिघडली की दोष त्याच्या शहरात राहण्याला द्यायचा, हा कुठला न्याय?

आणि गाडी मागे किती वजन ओढू शकते तो ३,५०० किलोचा आकडा! आपल्या मंडळींमध्ये कोणत्याही गाडीची चर्चा या आकड्यावर येऊन थांबते. जाहिरातीत तो मोठ्या अक्षरांत असतो, पण गाडी आणि कॅरॅव्हन मिळून एकूण किती वजन चालते हा दुसरा आकडा माहितीपत्रकाच्या आतल्या पानावर असतो. घरातली सगळी माणसे, भरलेली टाकी, छतावरचे सामान आणि शिवाय हुकवर येणारा भार हे सगळे मोजले, तर अनेक गाड्यांचे ते साडेतीन हजार कागदावरच राहतात. वजनकाट्यावर गाडी नेऊन पाहिलेले आपल्यापैकी कितीजण आहेत? मीही त्या रात्रीनंतरच नेली.

त्या रात्री टो ट्रक आला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पूर्वेकडे येणाऱ्या प्रत्येक वाहनाला सेदुनाच्या नाक्यावर फळमाशीच्या तपासणीसाठी थांबावे लागते. मध्यरात्री तिथल्या बाईंनी अतिशय सौजन्याने आमची लिंबे आणि हिरव्या मिरच्या काढून घेतल्या. बाबांनी ती लिंबे लोणच्यासाठी बाजारात एकेक करून निवडली होती. ते काही बोलले नाहीत, रिकामी पिशवी मात्र नीट घडी करून खिशात ठेवली. गाडीचा सुटा भाग यायला एकोणीस दिवस लागले. तोवर बाबांच्या परतीच्या विमानाची तारीख उलटून गेली होती. देवमाशांपासून आम्ही जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरवर होतो.

मोठी गाडी आणि कॅरॅव्हन दोन्ही विकून टाकले. नऊ महिने थांबून चारही चाके ओढणारी टोयोटा रॅव्ह-फोर हायब्रिड घेतली आणि मागे त्याच जोडप्यासारखा घडीचा कँपर. ब्रेक असलेला ट्रेलर ती १,५०० किलोपर्यंत ओढते. आमचा कँपर पाण्यासकट १,२०० किलो भरतो, हे मी काट्यावर स्वतः पाहिले आहे. हुकवर १५० किलोपेक्षा जास्त भार चालत नाही, म्हणून जड सामान कँपरच्या पुढच्या टोकाला न नेता चाकांच्या वरच ठेवतो. या गाडीत वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, काजळी कोंडून बसणारा तो डिझेल फिल्टर नाही. शहरातल्या थांबत-चालत प्रवासाने ती आजारी पडत नाही, उलट तिथेच तिचे इंधन सर्वांत कमी जाते.

कँपर ओढताना शंभर किलोमीटरला अकरा लिटर पेट्रोल लागते आणि समोरून वारा असला तर त्याहून जास्त, हे मान्य करतो. टाकी ५५ लिटरचीच आहे, त्यामुळे पेट्रोलसाठी रस्त्यावरच्या रोडहाउसना जास्त वेळा थांबावे लागते. ज्यांना उत्तर टोकाच्या केप यॉर्कचे नदीनाले ओलांडायचे आहेत किंवा घोडे न्यायचे आहेत, त्यांनी खुशाल मोठी गाडी घ्यावी. आपल्यापैकी कोणाकडे घोडे आहेत ते मला माहीत नाही.

हे लिहिता लिहिता राग बराच उतरला आहे. त्या गृहस्थांना उद्या फोन करीन आणि चहाला बोलावीन. पण एक सांगतो. आपले आईवडील इथे येतात ते चार-पाच वर्षांतून एकदा, गुडघे धरून, विमा काढून, बावीस तासांचा प्रवास सोसून. त्यांच्यापुढे आपण अंगणात किती मोठे धूड उभे करतो हे मिरवायची माझी आता इच्छा राहिलेली नाही. त्या रात्री गाडीच्या काचेवर साचणारे दव बाही ओढून पुसत बसलेले बाबा मला अजून दिसतात.

ते आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. येत्या जुलैत पुन्हा यायचे म्हणत आहेत, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे आणि सेदुनाला मी दोन रात्रींचे बुकिंगही करून ठेवले आहे. काल रात्री फोनवर त्यांनी नव्या गाडीचे किती किलोमीटर झाले ते विचारले. मी आकडा सांगितला. मग म्हणाले, "या वेळी लिंबे परत येताना नाक्याच्या आधीच संपवून टाकू."